बाजूला कोण बसणार?

मोमिनपुऱ्यातून गांजाखेतकडे निघालात की एका बोळात आमचे दुकान लागते. पाटी आहे, पण ती वाचून कुणी येत नाही. बाहेर टांगलेली स्कूटरची जुनी गादी पाहून लोक थांबतात. स्कूटर, ऑटो, टेम्पो, ट्रॅक्टर, कधीमधी शाळेची बस, या सगळ्यांच्या गाद्या आम्ही शिवतो. आम्ही म्हणजे दोघे धाकटे भाऊ. सर्वांत मोठे भाईजान. ते आता शिवत नाहीत, नुसते बसतात. पण दुकान त्यांच्याच डोक्याने चालते. हा मजकूरही आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. एकाने सांगितले, दुसऱ्याने लिहून घेतले, आणि भाईजाननी ऐकून दोन ठिकाणी खोडायला लावले. घरात उर्दू, दुकानात नागपुरी हिंदी आणि शाळा मराठी, असे आमचे तिपेडी आयुष्य. हिशेब मात्र तिघेही मराठीतच करतो.

2018 च्या जानेवारीत एक तरुण दुकानात आला. हातात कागदाची लांब गुंडाळी. आम्हाला वाटले, हॉटेलच्या सोफ्याचे काम असेल. त्याने गुंडाळी गादीवर उलगडली तर आत विमानाचा नकाशा. दोन माणसांचे, लाकडाचे, शेजारी शेजारी बसायचे. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तो ते बांधत होता. त्याला दोन सीटा हव्या होत्या. हलक्या, पण टिकाऊ.

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, 2017 च्या नोव्हेंबरात, कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाला नोंदणी मिळाल्याची बातमी सगळ्या पेपरांत आली होती. यादव तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. ते सुटे करून क्रेनने खाली उतरवले आणि 2016 च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले. नोंदणीसाठी त्यांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले होते. त्या बातमीनंतर महाराष्ट्रातल्या किती शेडांमध्ये आणि किती गच्च्यांवर नकाशे उलगडले गेले असतील कुणास ठाऊक. आमच्या दुकानात आलेला हा त्यातलाच एक असावा.

भाईजाननी चष्मा लावला. नकाशावर बोट फिरवत ते डाव्या सीटवर थांबले. “इथे तू.” पोराने मान हलवली. बोट उजवीकडे सरकले. “बाजूला कोण बसणार?”

“कोणीही, चाचा.”

“कोणीही म्हणजे केवढ्या पायाचा?”

पोराला प्रश्न कळला नाही. आम्हाला कळला. गेली बेचाळीस वर्षे आम्ही तो प्रश्न घरात ऐकत होतो.

ते समजण्यासाठी आधी आमच्या घरातल्या पायांविषयी सांगावे लागेल. आमचे आजोबा विणकर. मोमिनपुऱ्याचे नावच विणकरांवरून पडलेले. त्यांचा माग खड्ड्याचा होता. म्हणजे जमिनीत खड्डा खणायचा, काठावर बसायचे आणि पाय आत सोडून मागाच्या पावड्या दाबायच्या. उजवी दाबली की अर्धे सूत वर, डावी दाबली की उरलेले अर्धे. हात धोट्यावर, पाय पावड्यांवर. आणि हा खड्डा ज्या त्या विणकराच्या पायाच्या मापाने खणलेला असे. आजोबा उंच होते. अब्बा बुटके. आजोबा गेल्यावर अब्बांनी तोच माग चालवायला घेतला तेव्हा त्यांचे पाय पावड्यांपर्यंत पुरेनात. त्यांनी खड्ड्यात विटा टाकून तळ वर आणला. पुढे यंत्रमागांपुढे हातमागाचे काही चालेना. अब्बांनी माग मोडला, खड्डा बुजवला आणि गाद्या शिवायचे मशीन घेतले. तेही पायाचे.

भाईजान 1954 चे. दोन वर्षांचे असताना ताप आला आणि उजव्या पायाची ताकद घेऊन गेला. पोलिओच्या लशीचे नाव तेव्हा मोहल्ल्यात कुणी ऐकले नव्हते. लोखंडी सळयांचा, चामडी पट्ट्यांचा कॅलिपर लावून ते चालायला लागले. उभे राहताना गुडघ्याजवळची कडी खाली पाडायची, की पाय काठीसारखा ताठ. बसताना कडी वर ओढायची, की गुडघा वाकतो. पोलिओबद्दल बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. ताकद जाते, पण स्पर्श जात नाही. चटका कळतो, मुंगी कळते, फक्त पाय उचलता येत नाही. अब्बांच्या पायमशीनवर त्यांचे जमेना म्हणून अब्बांनी कुठूनतरी हाताने फिरवायचे जुने मशीन आणले. उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्याने कापड सरकवायचे. भाईजान त्यावर वीस वर्षे शिवत होते, आणि आमच्यापेक्षा सरळ शिवत होते.

मोहल्ल्यातली पोरे बेअरिंगची गाडी करायची. फळीला मागे दोन बेअरिंगे, पुढे आडव्या दांड्याला दोन. दांडा मधोमध खिळलेला आणि तो पायांनी ढकलून गाडी वळवायची. भाईजानना गाडी कधी चालवता आली नाही. त्यांना फळीवर मागे बसवायचे आणि कुणीतरी पुढे बसून चालवायचे. ते लहानपणापासून पॅसेंजर.

विमानाचे वेड त्यांना रात्रींनी लावले. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेची विमाने दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघून मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. अख्ख्या देशाची पत्रे नागपुरात हात बदलत. गच्चीवर झोपलेले भाईजान आवाजावरून सांगायचे, हे येते आहे, हे चालले. खरे सांगायचे की दडपून, आम्ही कधी तपासले नाही.

आता 1976 चा उन्हाळा. अब्बांच्या ओळखीतून शहराबाहेरच्या एका धावपट्टीवरून काम आले. एका लहान विमानाच्या दोन गाद्या उसवल्या होत्या. विमान पुष्पक जातीचे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने 1958 पासून फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेले. वर पंख, अंगावर रंग चढवलेले कापड, आत दोन माणसे खांद्याला खांदा लावून. गाद्या शिवून झाल्यावर बसवायला आम्ही तिघे सायकलरिक्षातून गेलो. तिथले साहेब मोठ्या मनाचे. भाईजानचे डोळे पाहून म्हणाले, “बस आत.”

चढणेच अर्धा तास चालले. दार लहान, आत पायाला जागा अपुरी, आणि ताठ कॅलिपर आडवा आत न्यायला अंतर हवे तेवढे नाही. शेवटी आम्ही दोघांनी त्यांना उजव्या सीटवर उचलूनच ठेवले. कडी ओढून गुडघा वाकवला तर पाय घसरत जाऊन थेट पुढच्या पेडलवर बसला. त्याच क्षणी मागे उभा असलेला मेकॅनिक ओरडला. विमानाच्या शेपटीचे उभे पान फिरले होते.

शिकवायच्या विमानात पेडलांच्या दोन जोड्या असतात, दोन्ही आतून जोडलेल्या. एकीकडची दाबली की दुसरीकडचीही हलते. साहेब डावीकडे बसले आणि त्यांनी गंमत म्हणून डावे पेडल दाबले. भाईजानचा पाय पेडलसकट मागे आला. उजवे दाबले, पाय पुढे गेला. चार-पाच वेळा. भाईजान हसत नव्हते, बोलत नव्हते. घरी येताना रिक्षात म्हणाले, “पाँव को मालूम पडता था.” बस, एवढेच.

साहेबांनी त्यांना वर नेले नाही. त्यांनी उतरून आम्हाला बाजूला घेतले आणि समजावले. इंजिन जोर धरते तेव्हा अशा विमानाचे नाक डावीकडे ओढते, म्हणून धावताना उजवा पाय दाबून धरावा लागतो. उतरताना वाऱ्याप्रमाणे कधी डावा लागतो, कधी उजवा, आणि तो क्षणात लागतो. ऐन वेळी मला डावे पेडल हवे असले आणि उजव्यावर याचा कॅलिपर अडकून बसला तर दोघेही गेलो. याला पाय उचल म्हणून सांगितले तर हा उचलू शकणार आहे का? आमच्याकडे उत्तर नव्हते. साहेब चुकले असे आम्हाला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पण त्या दिवसापासून भाईजानचा राग साहेबांवर नव्हता, पेडलवर होता. ज्याला विमान चालवायचेच नाही, त्याच्यापुढे पेडल कशाला?

पुढची चाळीस वर्षे त्यांनी या एका गोष्टीचा छडा लावला. आधी रद्दीतली मासिके, मग वाचनालय, मग पुतण्याने छापून आणलेले कागद. आमच्या दुकानात ट्रॅक्टरच्या गादीची वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकाने किती वेळा विमानाच्या पेडलांचा इतिहास ऐकला असेल याची गणती नाही. त्यातले थोडे इथे देतो.

1903 मध्ये राइट बंधू उडाले तेव्हा पायांना कामच नव्हते. चालवणारा पोटावर झोपायचा आणि कमरेखालची चौकट कमरेनेच इकडे तिकडे सरकवायचा. हातात दांडा आणि पायाखाली आडवी पट्टी, ही आजची रीत रुळवण्यात फ्रान्सच्या ब्लेरियोचा वाटा मोठा. 1909 च्या जुलैत तो इंग्लिश खाडी ओलांडून गेला, तेव्हा त्याचा एक पाय भाजलेला होता आणि तो कुबड्या घेऊन विमानापर्यंत आला होता. हे सांगताना भाईजान नेहमी थांबतात आणि गिऱ्हाइकाकडे बघतात.

पेडलाची एक गंमत आहे. बेअरिंगच्या गाडीत उजवा पाय पुढे ढकलला की गाडी डावीकडे वळते. विमानात उजवा पाय ढकलला की नाक उजवीकडे. म्हणजे मोहल्ल्यात गाडी हाकून तयार झालेली पोरे विमानात पहिल्या दिवशी उलटीच वळली असती. भाईजान म्हणतात, एक मीच कोरा होतो.

फ्रान्सचाच आन्री मिन्ये. हातापायांचा मेळ त्याला काही केल्या जमेना, म्हणून त्याने 1933 मध्ये पेडल नसलेलेच विमान बांधले. सगळे एका दांड्यावर. पुस्तक लिहून त्याने ते लोकांना घरी बांधायला शिकवले. लोकांनी बांधले, आणि काही मेले. दोष पेडल नसण्याचा नव्हता. पुढचा पंख आणि मागचा पंख यांचे काही चुकत होते आणि एकदा नाक खाली गेले की ते वर येत नसे. ते विमान उडवायला बंदी आली. मग अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी एर्कूप काढले. 1937 मध्ये ते पहिल्यांदा उडाले. त्यातही दिशेची पेडले नाहीत. शेपटीचे पान पंखांच्या पानांशी जोडलेले, मोटारीसारखे चाक फिरवले की झाले. महायुद्धानंतर ती हजारोंनी बनली, मोठ्या दुकानांत कपड्यालत्त्यांच्या शेजारी विकायला ठेवली गेली. पाय नसलेल्या माणसांनीही ती चालवली. या एर्कूपचे चित्र आमच्या दुकानात कॅलेंडरशेजारी चिकटवलेले आहे. लोक विचारतात, हे विमान कोणत्या कंपनीच्या गादीची जाहिरात करते.

आणि डग्लस बेडर. 1931 च्या अपघातात दोन्ही पाय गेले, धातूचे पाय लावून हा इंग्रज पुन्हा लढाऊ वैमानिक झाला. त्याच्या नशिबाने तेव्हाच्या इंग्रजी लढाऊ विमानांत ब्रेकचा खटका हाताच्या दांड्यावर होता. आजच्या बहुतेक लहान विमानांसारखा तो पेडलच्या वरच्या टोकाला असता, तर घोटा नसलेल्या माणसाने तो कसा दाबला असता?

पण ज्या एका हकिकतीने भाईजानची झोप उडवली ती जॉन डेन्व्हरची. अमेरिकेचा नावाजलेला गायक, अनुभवी वैमानिक. 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून गेला. विमान लाँग-ईझी जातीचे, दुसऱ्या कुणी हौशी माणसाने घरी बांधलेले, डेन्व्हरने नुकतेच विकत घेतलेले. बांधणाऱ्याने इंधनाच्या टाकीचा खटका मूळ नकाशाप्रमाणे न बसवता चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला सगळे अंग मागे वळवावे लागे. आणि अंग तसे वळले की उजवा पाय आपोआप पुढे रेटला जातो, म्हणजे पेडलवर. चौकशीत हेच कारण पुढे आले. शिवाय पेडलांपर्यंत पाय नीट पोचावेत म्हणून त्याला पाठीमागे उशी घ्यावी लागली होती.

उशी! आम्ही गादीवाले. ती ओळ ऐकून आम्ही तिघेही गप्प झालो. बांधणाऱ्याने आपल्या मापाने बांधले. त्याचे पाय पुरत होते. त्याच्या मागून येऊन बसणाऱ्याचे माप कुणी घेतलेच नाही.

तर दुकानात उभ्या असलेल्या त्या पोराकडे परत येऊ. भाईजाननी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, सीट नंतर, आधी खोके. आम्ही दुकान पुढून अर्धे बंद केले. फरशीवर खडूने नकाशातल्या मापाची केबिन आखली. रुंदी भरली 40 इंच. शिकाऊ विमानांत गाजलेले सेसना 152 देखील आत साधारण एवढेच रुंद. आपल्या ऑटोची मागची सीट याहून ऐसपैस असते. प्लायवुडच्या दोन सीटा टेकवल्या, पेडलांच्या जागी चार विटा मांडल्या. पोरगा डावीकडे बसला. सगळे बरोबर; त्याने आपलेच माप घेऊन नकाशात खुणा केल्या होत्या. मग भाईजान उजवीकडे बसले, कडी ओढली आणि पाय सोडला. पाय विटेवर.

“आता मला पाय उचलायला सांग,” भाईजान म्हणाले.

पोरगा बराच वेळ विटेकडे बघत राहिला.

त्यानंतरचे चार रविवार आमच्या दुकानात जे चालले त्याला अम्मी असत्या तर त्यांनी पोरखेळ म्हटले असते. पहिला वाद सीट सरकवायची की पेडल. सरकणारी सीट सोयीची, पण तिचा खटका सुटला तर नेमका विमान वर चढताना सुटतो. चालवणारा मागे घसरतो आणि हातातला दांडा बरोबर ओढतो. असे अपघात झाल्यामुळे 1987 मध्ये अमेरिकेत सेसनांच्या सीटचे रूळ वेळोवेळी तपासणे सक्तीचे झाले. म्हणून हलक्या घरगुती विमानांत अनेकजण सीट पक्की ठेवतात आणि पेडल पुढेमागे करतात, किंवा जाडपातळ गाद्या बदलतात. गादीचे नाव निघाल्यावर आम्ही बोललो. नरम फोम विमानाला नको. माणूस बसल्यावर तो इंच-दीड इंच दबतो, नजर तेवढी खाली जाते, गुडघा तेवढा वर येतो, आणि जमिनीवर आपटी बसली तर असा फोम काहीच झेलत नाही. खाली कडक रिबॉन्ड, वर 40 डेन्सिटीचा पातळ थर, हे आम्ही ठरवले. पोराने वजन विचारले. प्रत्येक गोष्टीचे तो वजनच विचारायचा. पायपिंगचेसुद्धा!

दुसरा वाद उजव्या पेडलांचा. भाईजानचे म्हणणे, ती काढूनच टाक. लाँग-ईझीच्या मागच्या सीटपुढे पेडले नसतातच. मागचा माणूस पाय पुढच्या सीटच्या दोन बाजूंनी लांब करून मजेत बसतो. पोराचे म्हणणे, मला कुणी शिकवायला बसले तर? शेवटी पिनांवर तोडगा निघाला. उजवी दोन पेडले खटक्याच्या पिनेने निघतील अशी करायची. मास्तर बसला की लावायची, पाहुणा बसला की काढून घरी ठेवायची. त्याजागी फळीला टाचेसाठी एक आडवी पट्टी, म्हणजे पाय घसरत पुढे जाणार नाही. पेडल काढल्यावर जमिनीत उरणाऱ्या फटीतून पेन, चावी, बाटलीचे झाकण आत गेले तर तेच डावीकडच्या पेडलात अडकायचे. तिथे आम्ही आमची कला दाखवली. गिअरच्या दांड्याला असतो तसा रेक्झिनचा बूट शिवला, पण पातळ. त्याने वजन केले. 90 ग्रॅम. तो खूश झाला.

दारातून आत जाताना ताठ पाय आडवा न्यायचा प्रश्न उरलाच. दाराची पुढची चौकट चार बोटे पुढे नेली तर होईल, असे भाईजाननी दाखवले. पोरगा म्हणाला, तिथे लाकडी आडे आहे, त्यावर भार आहे, हलवता येणार नाही. त्यावर भाईजान काही बोलले नाहीत. नकाशा पाठ असणाऱ्या माणसाशी वाद घालू नये हे त्यांना कळते.

ते विमान अजून उडालेले नाही, हे सांगायला हवे. धड झाले, शेपटी झाली, पंखांपाशी पैसे संपले. इंजिन परदेशातून आणायचे आहे. कॅप्टन यादव यांच्या विमानाला 2019 मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि 2020 मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले, तेव्हा पोरगा पेढे घेऊन आमच्याकडे आला होता, जणू त्याचेच उडाले. भाईजाननी पेढा खाऊन एवढेच विचारले, सहा सीटांमधल्या मागच्या चारांपुढे पेडले नसतीलच ना? आम्ही तिघांनीही मान हलवली. नसणारच.

विटा आणि प्लायवुडच्या सीटा मात्र आम्ही मोडल्या नाहीत. गिऱ्हाईक थांबले की त्यावरच बसते. खडूच्या रेघा फरशीच्या धुण्यात गेल्या, भाईजान सणासुदीला पुन्हा आखून घेतात.

त्या चौथ्या रविवारी, सीटा घेऊन जाण्याआधी, पोराने वहीत एक तक्ता मांडला होता. विमानात कुठे किती वजन आणि ते तोल कुठे नेते याचा. डाव्या सीटपुढे त्याने आपले वजन लिहिले. उजव्या सीटपुढे पेन्सिल थांबवून त्याने वर पाहिले.

“चाचा, तुमचे वजन?”

“एकसष्ट.”

त्याने 61 लिहिले.

“कॅलिपर धरून लिही,” भाईजान म्हणाले. पोराने रबराने आकडा खोडला, आणि आम्ही मागच्या खोलीतून वजनकाटा आणायला गेलो.